उतारावरची शिरोरेषा

५ जानेवारी

साडूबुवा,

मायना काय लिहावा यावर सकाळचा चहा गार झाला. ‘प्रिय’ लिहिलं तर तुम्ही हसाल, ‘आदरणीय’ लिहिलं तर मी हसेन. म्हणून नातं तेवढं लिहिलंय. ते काही आपण जोडलेलं नाही. दोन बहिणींनी आपल्याला एकमेकांसमोर आणून उभं केलं, तेव्हा ते मोडायचा अधिकारही आपल्याला नाही, असं आमच्याकडे जेवताना अधूनमधून ऐकवलं जातं.

तुम्ही म्हणाल, आठ वर्षांनी याला आजच कसा उमाळा आला? उमाळा वगैरे काही नाही, फक्त एक बातमी द्यायची आहे. तीही तुम्हाला कळलेली असणार, कारण आमची थोरली आणि तुमची धाकटी रोज दुपारी फोनवर बसतात आणि दोन्ही घरांत कुणाला शिंक आली तरी ती दुसऱ्या घरात ऐकू जाते. पण फोनवरून जाताना बातमीला हातपाय फुटतात, म्हणून मूळ बातमी कागदावर पाठवतो आहे.

आपली वखार पाडणार आहेत.

‘आपली’ असं लिहून गेलो. तुम्ही तुमची किल्ली माझ्या रंध्याशेजारी ठेवून निघून गेलात तेव्हापासून ती तुमची नाही, हे मला माहीत आहे. पण आता खोडत नाही, खाडाखोड बरी दिसत नाही.

मालकांना तिथं गाड्या ठेवायची पाच मजली इमारत करायची आहे. त्यांनी पालिकेचे इंजिनियर आणून फरशी मोजून घेतली. फरशी मागच्या भिंतीपासून रस्त्याच्या दारापर्यंत उतरत गेली आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. टेबलावर पेन्सिल ठेवली की ती दाराकडे निघायची आणि तुम्ही तिला न बघता झेलायचात. आम्ही सगळेच टेबलाच्या, कपाटाच्या पायांखाली पाचरा ठोकून निभावत आलो. इंजिनियर साहेबांचं म्हणणं असं की, खालची जमीन बसत चालली आहे, फरशी खचते आहे, उद्या भिंतीही जातील, सबब इमारत धोकादायक.

आम्ही भाडेकरूंनी जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीकडे अर्ज केलाय. समितीच्या यादीत नाव लागलं तर वखारीच्या विटेलाही कुणी हात लावू शकत नाही. अर्ज बाइंडरनं लिहिला. तो अजून आपल्या शेजारच्या गाळ्यात पुस्तकं बांधतो आणि अजून पाव पान सांगायला तीन पानं बोलतो. त्याच्या पलीकडे छत्र्या दुरुस्त करणारी बाई आली आहे, ती तुमच्यानंतरची. बोलायला फटकळ आणि खोटं बोलायला अजिबात तयार नाही. दहा दिवसांत समिती पाहायला येणार आहे.

तुमचा कोपरा मी एका पुठ्ठेवाल्याला दिलाय. आणि ती पाटी त्याच हिवाळ्यात जळणात गेली, हेही एकदा सांगून टाकतो.

त्या पाटीबद्दल तुमची बाजू मला माहीत आहे, माझी तुम्हाला. तरी एकदा शांतपणे लिहितो, कारण तेव्हा आपण दोघं एकाच वेळी बोलत होतो. फर्निचरच्या दुकानाची पाटी. एवढी लांब की टेबलावर मावेना, म्हणून ती फरशीवर, भिंतीला टेकवून उभी केली. चौकट मी केली, चारही कोपऱ्यांना गुण्या लावून काटकोन पाहिला. अक्षरं तुम्ही लिहिलीत. ओळंबा सोडून उभ्या रेघा, त्यांना काटकोनात शिरोरेषा. दुकानावर चढवली तेव्हा दुकानदार रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, “अक्षरं जिना चढतायत.” शिरोरेषा डावीकडे काठापासून वीतभर खाली, उजवीकडे चार बोटं. मी म्हणालो, अक्षरं वाकडी आहेत. तुम्ही म्हणालात, चौकट वाकडी आहे. दुकानदार म्हणाला, “वाकडं कोण ते घरी जाऊन ठरवा, पाटी घेऊन जा.” घरी जाऊन ठरलंच नाही.

असो. उत्तराची अपेक्षा नाही.

तुमचा,
(साडू)


१६ जानेवारी

साडूबुवा,

उत्तर आलं नाही. मात्र तुम्ही माझं पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलंत, ‘चौकट मी केली’ या वाक्यावर थांबून चष्मा पुसलात आणि मग ते पत्र भाजीच्या पिशवीत न टाकता कपाटात ठेवलंत, असं कळलं. बातमी कुणाकडून आली ते मी सांगणार नाही.

समिती काल येऊन गेली. काय झालं ते तुम्हाला दुपारच्या फोनवरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईघाईनं लिहितो आहे. बाइंडर यात माझ्यावर सगळं ढकलणार हे नक्की. तसं त्यात माझंही बरंच आहे.

त्याचं म्हणणं असं की, पाहुणे घरी येणार असतील तर आपण घर आवरतो ना? मग या उताराचं काहीतरी करायला हवं. लोकांच्या नजरेत पहिला तोच भरतो. मलाही ते पटलं. मला लाकडाचं काहीही लगेच पटतं, तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्यांनी वर्गणी न काढता घरच्या, दुकानच्या फळ्या आणल्या आणि मी आठवडाभर खपून पूर्ण दालनात फरशीच्या वर लाकडी जमीन घातली. अगदी सपाट. पाणसळ कुठंही ठेवा, बुडबुडा मधोमध. आयुष्यात एवढं नेटकं काम माझ्या हातून झालं नव्हतं. संध्याकाळी त्यावर मी दोनदा उगाच चालून आलो.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. उतरत्या फरशीवर सपाट जमीन घातली की मागच्या भिंतीशी ती फरशीला चिकटून असते आणि दारात येईपर्यंत गुडघ्याच्या जवळ पोचते. आम्ही सगळे मागच्या दारानं ये-जा करत होतो, कारण पुढच्या दारात फळ्यांचा ढीग होता. समिती अर्थातच पुढच्या दारानं आली.

इंजिनियर साहेब सगळ्यांत पुढे. हातात फाइल, नजर छताकडे. नडगी अशी काही आपटली की आवाज बाइंडरच्या गाळ्यापर्यंत गेला. त्यांच्यामागे समितीच्या मुख्य बाई, वास्तुतज्ज्ञ आहेत, केस पांढरे आणि पायात कापडी बूट. त्यांनी ती पायरी पाहिली, आत वाकून फळ्यांखाली पाहिलं आणि विचारलं, “हे कशासाठी?”

बाइंडर सुरू झाला. आधुनिक गरजा, स्वच्छता, ग्राहकांची सोय. छत्रीवाली मधेच म्हणाली, “उतार दिसू नये म्हणून केलंय. आठवडाभर खिळे ठोकतायत, कान किटले माझे.”

बाई त्या पायरीवर बसल्या आणि पोटभर हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “अहो, जे बघायला आलो तेच झाकून ठेवलंत?” मला वाटलं, हसल्या म्हणजे सुटलो. पण इंजिनियर साहेब नडगी चोळत म्हणाले, “ज्यांना लपवावंसं वाटलं, त्यांना धोका माहीत होता.” बाईही गंभीर झाल्या. म्हणाल्या, सगळं उचकटा, पाचरा काढा, टेबलं आहेत तशी राहू द्या. बारा फेब्रुवारीला परत येते. त्या दिवशी जे ठरेल ते शेवटचं.

तर अशी आम्ही आमच्याच हातानं वखार अर्धी पाडून ठेवली आहे. हसू नका. हसलात तरी चालेल, पण धाकटीला ऐकू जाईल असं नको, कारण ते मला इथं ऐकू येतं.

तुमचा,
(साडू)


२२ जानेवारी

साडूबुवा,

आज जे लिहिणार आहे ते बसून वाचा. आणि मोठ्यानं वाचू नका.

फळ्या उचकटून झाल्या. काल दुपारी थोरली डबा घेऊन वखारीत आली होती आणि तिथंच एका फळीवर बसून धाकटीशी बोलत होती. फोन मोठ्यानं लावलेला. मी उताराला शिव्या घालत खिळे उपटत होतो. धाकटीनं विचारलं, “भावजी कुणावर चिडलेत?” थोरली म्हणाली, “फरशीवर. उतरती आहे म्हणून.” यावर तुमच्या घरातून जे उत्तर आलं ते शब्दशः देतो.

“उतरती नाहीतर काय सपाट असणार? पिंपं कशी आली असती दारात?”

मी हातोडी खाली ठेवली.

आपले सासरेबुवा या वखारीत मुकादम होते हे आपल्या दोघांनाही लग्नाआधीपासून माहीत. त्यांच्याच ओळखीवर आपल्याला तो गाळा मिळाला. इथं तेव्हा तेलाची पिंपं येत. मागच्या दाराशी उतरवायची, तिथून नुसतं एक बोट लावून सोडून द्यायची. पिंप आपलं आपण सावकाश घरंगळत पुढच्या दाराशी यायचं आणि तिथल्या दगडी उंबऱ्याला टेकून थांबायचं. या दोघी लहानपणी त्या उंबऱ्यावर बसून पाय वर घेऊन पिंपाची वाट बघायच्या. सासरेबुवा म्हणायचे म्हणे, “या वखारीत अर्धी हमाली जमीनच करते.” उतार बांधणाऱ्यांनीच ठेवलाय, साडूबुवा. पहिल्या दिवसापासून.

मी थोरलीला म्हणालो, “अगं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही दोघं तेव्हा वाकडं कोण ते ठरवत होतात.”

फोनमधून धाकटी हसत होती. थोरली तर हसून हसून फळीवरून खाली आली.

आपण दोघं या फरशीवर वर्षानुवर्षं काम करत होतो. पाचर ठोकताना उतार आपल्याला पक्का माहीत होता. भांडताना मात्र दोघांच्याही डोक्यातून तो साफ गेला.

लगेच समितीच्या बाईंना फोन केला. त्या आज सकाळी एकट्याच आल्या, माझी पाणसळ मागून घेतली, खिडक्यांच्या कट्ट्यांवर ठेवून पाहिली. सगळे कट्टे सपाट, विटांचे थर सरळ, भिंतीला तडा नाही. त्या म्हणाल्या, उतार मुद्दाम ठेवलेला असणार हे मला पटतं, आणि तसं असेल तर अशी वखार मी आजवर पाहिलेली नाही, ही यादीत यायलाच हवी. पण इंजिनियर साहेब विचारतील की, मूळचा उतार असेलही, तो वाढत नाही कशावरून? फरशी काही वर्षांपूर्वी नेमकी कशी होती हे दाखवणारं काही आहे का तुमच्याकडे?

मी नाही म्हणालो. त्या गेल्या. मी झाडू घेतला आणि आपल्या गाळ्यातली भिंतीकडची जागा झाडायला लागलो, तर फरशीवर तांबडे थेंब. एका रेषेत, भिंतीला धरून, लांबच लांब. तुमचा तांबडा. फर्निचरच्या दुकानाचा.

आता ऐका. पाटी जळणात गेलेली नाही. सागवान आहे, जळणात कशी घालणार, असं मी तेव्हा थोरलीला सांगितलं होतं. खरं कारण सागवान नव्हतं. अक्षरं फार सुंदर होती. तुमच्या हातची इतकी मोठी अक्षरं दुसरी कुठं उरली नाहीत. मी ती चादरीत गुंडाळून माझ्या लाकडाच्या मांडणीमागे उभी केली होती, आणि वर्षातून एकदा धूळ झटकतो.

बाइंडरला हाताशी घेतलं, पाटी काढली आणि त्या थेंबांच्या रेषेत उभी केली. थेंबांच्या दोन्ही टोकांत ती अशी चपखल बसली की जणू कालच उचलली होती. पाणसळ घेतली आणि तुमच्या शिरोरेषेवर धरली.

बुडबुडा मधोमध.

साडूबुवा, तुमची शिरोरेषा सरळ आहे. हे मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा हा कागद जपून ठेवा. मग मी गुण्या काढून चौकटीचे चारही कोपरे तपासले. तेही काटकोनात आहेत. चौकट उतारावर तिरकी उभी होती आणि तुमचा ओळंबा सरळ, एवढंच काय ते वाकडं होतं. हे तुम्हालाही कुठंतरी लिहावं लागेल.

कोपऱ्यात तुमची बारीक सही आहे आणि खाली साल. आठ वर्षांपूर्वी या फरशीवर उभ्या पाटीवर ओळंब्यानं काढलेली रेघ आज त्याच जागी तितकीच सरळ आहे. म्हणजे फरशी केसभरही हललेली नाही. यापेक्षा आणखी पुरावा काय लागतो? आपलं भांडण वखार वाचवणार असं दिसतंय.

तुमचा,
(साडू)


१ फेब्रुवारी

साडूबुवा,

पार्सल मिळालं. आत तुमचा पितळी ओळंबा, त्याच निळ्या रुमालात. सोबत चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. पत्ता मात्र धाकटीच्या हातचा.

ओळंबा पाठवलात, फार बरं वाटलं. पण अडचण अशी झाली आहे की ओळंब्यानं भागत नाही.

झालं असं की, बाईंनी पाटीची हकिगत सांगितल्यावर इंजिनियर साहेब स्वतः बघायला आले. माणूस वाईट नाही, नडगीला अजून पट्टी आहे तरी आले. पाटी पाहिली, पाणसळ लावली, बराच वेळ मान हलवत राहिले. मला वाटलं, झालं काम. इतक्यात बाइंडर मदतीला धावला. त्याची मदत कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, “साहेब, ही तीच पाटी! हे आम्हाला आठ वर्षं सांगतात ना, पेंटरचे डोळे गेले होते, हात थरथरत होता, अक्षरं वाकडी आली म्हणून!”

साहेब माझ्याकडे वळले. “म्हणजे रेघ ओळंब्यानं काढली नव्हती? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ती चुकून तिरकी आली होती?”

आठ वर्षं गल्लीतल्या प्रत्येक माणसाला मीच ते सांगितलं होतं. चहावाल्याला, वखारीच्या कुलूपवाल्याला, नव्यानं आलेल्या छत्रीवालीला तर पहिल्याच दिवशी. मी म्हणालो, नाही साहेब, ते मी रागानं म्हणत होतो, रेघ ओळंब्यानंच काढली होती. ते म्हणाले, “तुम्ही भाडेकरू आहात, आज तुम्हाला सोयीचं तेच तुम्ही सांगणार. चुकून तिरकी आलेली रेघ जर आज सरळ दिसत असेल, तर फरशी हलली आहे, असाही त्याचा अर्थ होतो. ज्यानं रेघ काढली तो माणूस आणा. त्यानं माझ्यासमोर तशीच काढून दाखवावी. मग मी लिहून देतो.”

छत्रीवाली म्हणाली, “बघा, उगाच लोकांच्या डोळ्यांना नावं ठेवू नयेत.”

तर साडूबुवा, आडवळणं पुरे. तुम्ही या. बारा तारखेच्या सकाळी तुम्ही त्या पाटीसमोर उभे नसाल तर महिन्याभरात वखार जमीनदोस्त होईल. मला गाळा दुसरीकडे मिळेल, रंधा कुठंही चालतो. पण सासरेबुवांची पिंपं जिथून घरंगळली, आपण दोघांनी जिथं पहिली पाटी केली आणि शेवटची केली, ती जागा जाईल. आपण कुठं उभे राहून भांडलो हे दाखवायलासुद्धा काही उरणार नाही. मला ते नको आहे. मला तुम्ही यायला हवे आहात, नुसते वखारीसाठी नाही.

गुडघ्याचं सांगू नका. परवा तुम्ही शिडीवर चढून माळ्यावरची रंगाची पेटी काढलीत, हे इथं सर्वांना माहीत आहे.

झोपायची सोय बाहेरच्या खोलीत केली आहे. पंख्याखालची जागा तुमची.

आणि ओळंबा मी परत पाठवणार नाही. हवा असेल तर येऊन घेऊन जा.

तुमचा,
(साडू)


२४ फेब्रुवारी

साडूबुवा,

तुम्ही पोचल्याचा फोन तुमच्या आधी आला. तुम्ही दोघं बसमध्ये असतानाच धाकटीनं थोरलीला कळवलं की, आता पोचतोच.

गेले काही दिवस घरात फार शांत वाटतंय. तुम्ही सकाळी खाकरायचात त्याची सवय झाली होती. थोरली म्हणते, आता तुम्हीच खाकरत जा.

बारा तारखेचं सगळं तुमच्यासमोरच झालं, तरी लिहितो. कारण तुम्ही पाटीकडे बघत होतात आणि मी माणसांकडे बघत होतो. तुम्हाला काही गोष्टी दिसल्या नाहीत.

पहिली गोष्ट तुमचीच. आठ वर्षांनी वखारीच्या दारात पाऊल टाकलंत आणि पहिलं वाक्य काय बोललात? “चौकटीला वाळवी नाही ना लागली?” मी रात्रभर ठरवून ठेवलेलं भाषण तिथंच विसरलो. तोंडातून निघालं, “रंग नाही उडाला.” बाइंडरला वाटलं, आता पुन्हा जुंपणार, म्हणून तो छत्रीवालीच्या गाळ्यात जाऊन उभा राहिला. मग तुम्ही पाटीजवळ गेलात, खिशातून हात काढलात आणि माझ्या चौकटीचा कोपरा अंगठ्यानं चाचपलात. मी ते लिहून दिल्यासारखंच धरलंय.

इंजिनियर साहेबांनी पाटीच्या मोकळ्या जागेवर तुम्हाला नवी रेघ काढायला सांगितली, तेव्हा तुम्ही ओळंबा सोडलात आणि तो हलायचा थांबेपर्यंत आपण सगळेच श्वास धरून होतो. तुमचा हात थरथरत होता का? थोडा थरथरत होता. पण पेन्सिल टेकली तसा थांबला. नवी उभी रेघ, तिला काटकोनात आडवी. ती जुन्या शिरोरेषेला जिथं मिळाली तिथं साहेबांनी वाकून भिंग लावलं. तुम्ही तेव्हा डोळे मिटून घेतले होते, म्हणून तुम्हाला त्यांचा चेहरा दिसला नाही. माणूस हसला, साडूबुवा. एखादं अवघड गणित सुटल्यावर हसतो तसा. म्हणाले, “एकच रेघ आहे ही.” मग बाईंकडे वळून, “शंका घेणं माझं काम होतं. आता शंका उरली नाही.” त्यांनी तिथंच फाइल उघडून आधीचा शेरा खोडला. त्यांना खाडाखोड चालते असं दिसतं.

त्यानंतर आपल्या दोघी. त्यांनी रिकामं पिंप कुठून आणलं हे मला अजून कळलेलं नाही, तुम्हाला सांगितलं असेल तर मलाही कळवा. मागच्या दाराशी थोरली, पुढच्या उंबऱ्यावर धाकटी, या वयात पाय वर घेऊन! थोरलीनं एक बोट लावलं. पिंप जरा विचार केल्यासारखं थांबलं आणि निघालं. फरशीवरून गडगडत, बाइंडरच्या गाळ्यासमोरून, आपल्या गाळ्यासमोरून, कुठंही न वळता सरळ उंबऱ्याला येऊन टेकलं. धाकटी टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांना पाणी होतं. “बाबा असते तर,” एवढंच ती म्हणाली. बाई तिच्याशेजारी बसल्या. आणि साहेब म्हणाले, “मी एकदा सोडून बघू का?” तुम्ही तोवर चहा सांगायला गेला होतात. त्यांनी एकदा नाही, चांगलं चारपाच वेळा सोडून बघितलं.

आता आजची बातमी, जिच्यासाठी पत्र लिहायला बसलो. वखार यादीत आली. कागद सकाळी आला. मालकही फारसे नाराज नाहीत. बाईंनी त्यांना समजावलं की, लोक हा उतार बघायला येतील, तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत फिरतात की उतार त्यांच्या पणजोबांची कल्पना. असू दे. पाटी बाईंनी त्याच जागी, थेंबांच्या रेषेत कायमची ठेवायला सांगितली आहे. वाकड्या फरशीवर वाकडी उभी पाटी आणि तिच्यावर सरळ अक्षरं. बघणारा आधी मान तिरकी करतो आणि मग सरळ करतो. फर्निचरवालाही काल बघून गेला. म्हणाला, “आता विकता का?” छत्रीवालीनं माझ्या आधीच त्याला नाही म्हणून टाकलं.

एक काम मात्र आलंय. पुढच्या दारावर वखारीच्या नावाची पाटी लावायची आहे आणि समितीला ती हातानंच लिहिलेली हवी, छापील चिकटवलेली नको. चौकटीला मी होकार दिला. अक्षरांचं विचारून सांगतो म्हणालो. यावेळी पाटी टेबलावर मावेल एवढीच आहे, मी मुद्दाम मोजून घेतली.

टेबलाचं एक सांगायचं राहिलं. तुम्ही इथं असताना त्या कोपऱ्यावर चादरी टाकून ठेवल्या होत्या आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी पुठ्ठेवाल्याचं सामान आहे म्हणालो. पुठ्ठेवाला कुणी नाही. कधी नव्हताच. चादरीखाली तुमचं टेबल आहे, तुमचं स्टूल आहे आणि ब्रशांचा डबा आहे. ब्रश मात्र वाळून काटक्या झालेत, ते नवे आणा. बाईंनी सगळ्यांना पाचरा काढायला लावल्या, उतार मोजायचा होता. सगळ्यांनी काढल्या, मीही माझ्या काढल्या. तुमच्या टेबलाखालची तेवढी काढली नाही. बाईंना म्हणालो, ही अडकून बसली आहे, निघत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

आणि तुम्ही ओळंबा न्यायला आला होतात ना? तो इथंच राहिलाय. तुमच्या जुन्या खिळ्यावर, रुमालाची घडी करून शेजारी. थोरली म्हणते, विसरले असतील. रुमालाची इतकी नीट घडी घालून कुणी विसरत नाही.

ओळंबा खिळ्याला आहे. पाचर टेबलाखाली आहे. माणूस तेवढा यायचा राहिलाय.

तुमचा,
(साडू)